दोष रक्ताचा की विडीचा?



गेल्या पौर्णिमेला विहारातील सामुदायिक वंदना आटोपली आणि आम्ही सतरंज्या गोळा करीत होतो. तेवढ्यात वस्तीतील एक भगिनी मागे थांबून हळूच म्हणाल्या, "दादा, एक विचारायचं होतं. कॅन्सर रक्तात उतरतो का हो?"

त्यांचे पती एका फोर्जिंग कंपनीत तीस वर्षे हॅमरवर होते. विडी आणि तंबाखू, दोन्ही चालू. गालाच्या कॅन्सरने ते गेले, त्याला आता तीन वर्षे झाली. थोरल्या मुलीला चाकणकडचे स्थळ आले होते. मुलगा कंपनीत कायम, मुलगी बी. ए. झालेली. सगळे ठरत आले आणि निरोप आला, "त्यांच्या घराण्यात कॅन्सर आहे. उद्या आमच्या नातवंडांत उतरला तर?" माउलीच्या डोळ्यांत पाणी होते. आम्ही म्हटले, "ताई, नीट वाचून, विचारून सांगतो."

विहाराबाहेर पडलो तर कोपऱ्यावरच्या टपरीपाशी एक कामगार बंधू भेटले. तिसरी पाळी करून आलेले, हातात पेटती विडी. आम्ही नेहमीप्रमाणे टोकलेच. ते हसून म्हणाले, "दादा, आमचा बाप पंचाऐंशी वर्षं जगला. रोज एक बंडल. आमचं रक्तच तसं हाय. आम्हाला काय होत नाय बघा!"

घरी येईपर्यंत आम्ही याच दोन बोलण्यांचा विचार करीत होतो. एका घराला रक्तात मरण दिसते, दुसऱ्याला रक्तात संरक्षण दिसते. बोलणी दोन, पण समजूत एकच. माणसाचे काय व्हायचे ते जन्मानेच ठरते! ही समजूत आपल्या समाजाच्या चांगली ओळखीची आहे. तिच्याच नावाने आपल्या वाडवडिलांना गावकुसाबाहेर ठेवले होते. तेव्हा कॅन्सरच्या बाबतीत तरी ती खरी आहे का, हे तपासून पाहिले पाहिजे. कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, हीच तर तथागतांची शिकवण आहे.

शरीरातला सांडपाणी प्रकल्प

आधी एक गोष्ट कबूल करू. रक्ताचा, म्हणजे शास्त्राच्या भाषेत जनुकांचा, काही संबंध आहेच. तो नाही असे सांगणे खोटे ठरेल. पण तो कसा आणि किती आहे, हे समजून घ्यायला हवे.

आपल्या शरीराच्या प्रत्येक पेशीत आई-वडिलांकडून आलेल्या सूचना असतात. त्यांनाच जनुके किंवा जीन म्हणतात. या सूचनांप्रमाणे शरीर आपले कामकाज चालवते. सर्व माणसांच्या सूचना जवळजवळ सारख्या असतात, पण कुठे कुठे बारीक फरक असतो. कुणाचे डोळे घारे, कुणाचा रक्तगट वेगळा, तसाच हा प्रकार.

आता विडी-सिगारेटच्या धुराकडे पाहू. या धुरात सात हजारांहून अधिक रसायने असतात आणि त्यांतील किमान ७० कॅन्सर घडवणारी आहेत. बेन्झोपायरीन हे त्यांतलेच एक. ते शरीरात शिरले की शरीर त्याच्यावर प्रक्रिया करून ते बाहेर टाकायला बघते. गंमत अशी की, पहिल्या टप्प्यात ते अधिकच जहाल बनते. दुसऱ्या टप्प्यात काही एन्झाइम त्याला नरम करतात, पाण्यात विरघळण्याजोगे करतात आणि मग ते बाहेर टाकता येते. दुसरा टप्पा कमी पडला की ते जहाल रसायन पेशीतल्या जनुकांना, म्हणजे मूळ सूचनांनाच जाऊन चिकटते. सूचना बिघडतात. वर्षानुवर्षे असा बिघाड साठत गेला की एखादी पेशी बेबंद वाढू लागते. तोच कॅन्सर.

आपल्या भोसरी-चिंचवडच्या कामगारांना हे चटकन कळेल. प्लेटिंगच्या खात्यातले आम्लाचे पाणी थेट नाल्यात सोडत नाहीत, आधी ते ई. टी. पी.त, सांडपाणी प्रकल्पात जाते. तिथे त्याचा जहालपणा मारतात. असाच प्रकल्प प्रत्येकाच्या शरीरात आहे. त्यातल्या एका महत्त्वाच्या यंत्राचे नाव जी. एस. टी. एम.-१. जी. एस. टी. म्हटल्यावर दुकानदारांना कर आठवेल, पण हा तो नव्हे! हे यंत्र बनवणारे जनुक काही माणसांत जन्मतःच नसते. युरोपात जवळपास निम्म्या लोकांत ते नाही. भारतात साधारण तीन-चार माणसांत एकाकडे ते नसते. अशी माणसे धडधाकट असतात, त्यांना कसलाही आजार नसतो. फक्त धूर किंवा तंबाखू आत गेली, तर ती निपटून काढायला त्यांच्याकडे एक यंत्र कमी असते.

याचा अभ्यास आपल्याच मुंबईत, टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन संस्थेत झाला. डॉ. रजनी भिसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे ३०० रुग्ण आणि ४५० निरोगी माणसे यांची तुलना केली आणि २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. हे जनुक नसलेल्या माणसांचे प्रमाण निरोग्यांपेक्षा रुग्णांत जास्त आढळले. अशा अभ्यासांचे निष्कर्ष सगळीकडे सारखेच येतात असे नाही. कुठे फरक मोठा दिसतो, कुठे लहान. पण मुद्दा लक्षात घ्या. ज्या कारखान्यात आम्ल वापरतच नाहीत, तिथे ई. टी. पी.चे एक यंत्र बंद असले म्हणून काय बिघडते? आणि जिथे रोज पिंपेच्या पिंपे ओतली जातात, तिथे सगळी यंत्रे चालू असली तरी किती दिवस पुरतील?

हिशेबाची वही

आम्ही कारकून माणसे. आम्हाला आकडे मांडल्याशिवाय पटत नाही. म्हणून हा हिशेब मांडतो.

२००८ साली युरोप-अमेरिकेतील शास्त्रज्ञांच्या तीन गटांनी एकाच सुमारास शोध जाहीर केला. पंधराव्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर एका ठिकाणी असा बारीक फरक आहे की, तो असणाऱ्या धूम्रपान करणाऱ्यांना फुप्फुसाचा कॅन्सर जास्त होतो. तो फरक आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आला असेल तर धोका सुमारे तीस टक्क्यांनी वाढतो. दोघांकडून आला असेल तर सुमारे ऐंशी टक्क्यांनी वाढतो.

ऐंशी टक्के ऐकून घाबरायला होते. पण वही उघडा. जन्मभर धूम्रपान न करणारी १०० माणसे घेतली, तर त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर एकालासुद्धा होतोच असे नाही. हा फरक मुळीच नसलेली, म्हणजे या बाबतीत 'चांगल्या रक्ताची' १०० माणसे जन्मभर धूम्रपान करीत राहिली, तर त्यांतल्या साधारण १४-१५ जणांना तो होतो. आणि दोघांकडून फरक आलेली १०० माणसे धूम्रपान करीत राहिली, तर साधारण २३ जणांना होतो. हे आकडे युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत. आपल्याकडचे थोडे पुढेमागे होतील, पण हिशेबाची रीत तीच.

आता सांगा, जमेला कोण आणि खर्चाला कोण? एकावरून चौदावर नेले ते धुराने. चौदावरून तेविसावर नेले ते जनुकाने, आणि तेही धूर असेल तरच! नंतरच्या मोठ्या अभ्यासांत जन्मभर धूम्रपान न करणाऱ्यांत या जनुकाने ठळक फरक पडलेला दिसला नाही. जनुकाचा फरक ही बारूद समजा, पण काडी आपण ओढतो.

टपरीवरच्या आमच्या बंधूंनी हे ऐकावे. तुमचे वडील पंचाऐंशी वर्षे जगले, त्यांना आमचा नमस्कार. शंभरांतल्या ८५ जणांना फुप्फुसाचा कॅन्सर होत नाही, त्यांत ते होते. पण विडी केवळ फुप्फुसाला धरत नाही. तोंड, घसा, अन्ननलिका, मूत्राशय यांच्या कॅन्सरचेही ते कारण आहे. शिवाय हृदयविकार आणि दमा वेगळेच. आणि महत्त्वाचे म्हणजे तुमच्या अंगात निम्मी जनुके आईकडची आहेत. बापाचे रक्त पुरेपूर तुमच्यात उतरले, हे कोणत्या प्रयोगशाळेने सांगितले? कोण सुटणार आणि कोण सापडणार हे सांगणारी कोणतीही तपासणी आज नाही. कुणी पैसे घेऊन तशी तपासणी करून देतो म्हणाला, तर त्याला आधी विचारा की निकाल काहीही आला तरी सल्ला काय देणार? निकाल चांगला आला तरी विडी सोडा, वाईट आला तरी विडी सोडा. मग ते पैसे मुलांच्या वह्या-पुस्तकांना का नकोत?

रक्ताला दोष देणारे जुने वकील

रक्ताला दोष देण्याची ही युक्ती नवी नाही. १९५० साली इंग्लंडमध्ये डॉल आणि हिल या दोघांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध दाखवून दिला. आपल्या मुंबईत टाटा रुग्णालयातील संघवी, राव आणि खानोलकर यांनी १९५५ साली धूम्रपान व तंबाखू चघळणे यांचा तोंड-घशाच्या कॅन्सरशी असलेला संबंध मांडला. आपल्या पुणे जिल्ह्यातील खेड्यांतही टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी १,०१,७६१ लोकांची तोंडे तपासली. त्याचा अहवाल १९७२ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे आपल्या मावळ-मुळशीच्या, खेड-जुन्नरच्या जिल्ह्यातली ही गोष्ट शास्त्राला पन्नास वर्षांपूर्वीच ठाऊक झाली आहे.

पण तेव्हा एक फार मोठे शास्त्रज्ञ आडवे आले. रोनाल्ड फिशर हे त्यांचे नाव. संख्याशास्त्रातले मोठे नाव, आणि स्वतः पाइप ओढणारे. १९५७-५८ साली त्यांनी असा युक्तिवाद केला की, कदाचित एखादे जनुकच माणसाला धूम्रपानाची ओढ लावत असेल आणि तेच कॅन्सरही देत असेल. मग धुराचा दोष काय? हे फिशरसाहेब तंबाखू उत्पादकांच्या समितीचे सल्लागारही होते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. या बोलण्याने तंबाखूच्या व्यापाऱ्यांना आयता वकील मिळाला.

याचे उत्तर जुळ्या भावंडांनी दिले. एकसारख्या जुळ्यांची जनुके एकच असतात. डेन्मार्क, फिनलंड, नॉर्वे आणि स्वीडन येथील एक लाखाहून अधिक जुळ्यांची माहिती तपासून २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या जोडीत एक भाऊ धूम्रपान करणारा आणि दुसरा न करणारा होता, तिथे फुप्फुसाचा कॅन्सर धूम्रपान करणाऱ्याला कितीतरी जास्त झाला. गर्भ एक, जन्म एक, रक्त एक, पण वाट वेगळी म्हणून शेवट वेगळा! फिशरसाहेबांच्या युक्तिवादाला याहून चोख उत्तर कोणते हवे?

आणखी एक धोका आहे. जनुकांची गोष्ट निघाली की काही लोकांना लगेच जात आठवते. 'या लोकांचे रक्तच असे' म्हणायला ते टपलेलेच असतात. त्यांना सांगा की, जनुकांचे हे बारीक फरक प्रत्येक जातीत, प्रत्येक धर्मात, प्रत्येक देशात आहेत. एकाच घरातल्या दोन सख्ख्या भावांत ते वेगळे असू शकतात. परमपूज्य बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात नाकाच्या मोजमापांचे आकडे घेऊन दाखवून दिले होते की, ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळे वंश नाहीत. कष्टकरी वस्तीत तंबाखूचे रोगी जास्त दिसतात, ते रक्तामुळे नव्हे. बारा-बारा तासांची पाळी, झोप मारायला विडी, भूक मारायला तंबाखूची चिमूट, दर वीस पावलांवर टपरी आणि डॉक्टरकडे जायला उशीर, ही त्याची कारणे आहेत. ती माणसांनी निर्माण केली आहेत, तेव्हा माणसांनाच बदलता येतील.

त्या भगिनींना उत्तर

आता त्या ताईंच्या प्रश्नाकडे येऊ. ताई, तुमच्या पतींचा कॅन्सर तुमच्या मुलीत 'उतरलेला' नाही. आई-वडिलांकडून थेट मोठा धोका घेऊन येणारे काही कॅन्सर आहेत. काही घराण्यांतील स्तनाचा व अंडाशयाचा कॅन्सर त्यांत येतो. पण एकूण कॅन्सरमध्ये असे शंभरांत पाच-दहाच असतात. एखाद्या घरात अनेक जवळच्या रक्ताच्या नात्यांत, तेही तरुण वयात कॅन्सर झाला असेल, तर मात्र डॉक्टरांना अवश्य विचारावे. मुंबईच्या टाटा रुग्णालयात अशा कुटुंबांना सल्ला देण्याची सोय आहे. तुमच्या घरची गोष्ट तशी नाही. तीस वर्षे तोंडात तंबाखू आणि हातात विडी होती, हे कारण पुरेसे आहे. तुमच्या मुलीने तंबाखूला हात लावला नाही, तर बापाच्या त्या रोगाचे भय तिने मनात बाळगण्याचे कारण नाही.

आणि नकार देणाऱ्या मंडळींना आमचे दोन शब्द. निरोप घेऊन आलेल्या पाहुण्यांच्या खिशात पुडी होती, असे आमच्या कानावर आले आहे. महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, तरी पुडी मिळतेच! ज्याच्या गालात रोज कॅन्सरचे बी पेरले जाते, त्याने मुलीच्या मेलेल्या बापाचे रक्त तपासावे, याला काय म्हणावे? आमची तर सर्व आई-वडिलांना विनंती आहे की, सोयरीक जुळवताना घराण्याचे रक्त विचारू नका. मुलगा तंबाखू खातो का, विडी ओढतो का, हे विचारा. पत्रिका आपण कधीच फेकून दिली आहे. तिच्या जागी रक्ताची पत्रिका आणून ठेवू नका.

आता घरातल्या आया-बहिणींसाठी. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात १०० प्रौढांमागे सुमारे २७ जण कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात. धूर ओढणारे चारच्या आसपास, बाकी बहुतेक तोंडात ठेवणारे किंवा घासणारे. स्त्रियांतही शंभरांत सतरा! ती बहुतेक मिशरी. 'मिशरी म्हणजे काही व्यसन नव्हे, दात घासते' असे आमच्या आजीही म्हणत. पण मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तीच गोष्ट सुपारीची. २००४ सालापासून जागतिक तज्ज्ञांनी नुसत्या सुपारीलाही कॅन्सरकारक ठरवले आहे. आणि दहा बाय दहाच्या खोलीत बाप विडी ओढतो, तेव्हा तो धूर पाळण्यातल्या बाळाच्याही छातीत जातो. त्या बाळाच्या शरीरातले कोणते यंत्र चालू आणि कोणते बंद, हे बापाला ठाऊक आहे का? पोराला टपरीवर विडी आणायला पाठवणे तर आजपासून बंद करा.

दर महिन्याला एकदा आरशासमोर उजेडात तोंड उघडून पाहावे. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड कमी उघडणे (तीन बोटे उभी आत जात नसतील तर), मानेत गाठ, बसलेला आवाज, यांतले काही दिसले तर थांबू नका. पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय असो, ई. एस. आय.चा दवाखाना असो, तोंड दाखवून या. लवकर सापडलेला तोंडाचा कॅन्सर बरा होऊ शकतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरवरील अनेक शस्त्रक्रिया व उपचार येतात. कागदपत्रांत अडचण असेल तर आमच्यासारख्या कार्यकर्त्यांकडे या.

सोडणे कठीण आहे, हे आम्ही जाणतो. २००८ च्या त्या शोधातला जनुकाचा फरक निकोटीनच्या ओढीशीही जोडलेला आहे. म्हणजे काहींना सोडताना खरोखरच जास्त त्रास होतो. तेव्हा ज्याचे एकदा सुटत नाही त्याला नामर्द म्हणून हिणवू नका, हात द्या. १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. उशीर झाला असेही समजू नका. डॉल यांनी इंग्लंडच्या डॉक्टरांवर पन्नास वर्षे चालवलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २००४ साली आला. साठाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्याचे आयुष्य सुमारे ३ वर्षांनी वाढते, पन्नाशीला सोडणाऱ्याचे ६, चाळिशीला सोडणाऱ्याचे ९ आणि तिशीत सोडणाऱ्याचे सुमारे १० वर्षांनी. जनुके तीच, पण आयुष्य वेगळे!

काही बंधू म्हणतात, पंचशीलात मद्य आहे, तंबाखू कुठे आहे? शीलाचा अर्थ शब्दांपुरता घेऊ नये. मन आणि देह गुलाम करणारी प्रत्येक वस्तू त्यात आली. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी माता-भगिनींना सांगितले होते की, स्वच्छ राहा, दुर्गुणांपासून दूर राहा आणि मुलांना शिकवा. तो उपदेश आजही आपल्या दारात उभा आहे.

तथागतांनी दुःखाला कारण आहे असे सांगितले आणि कारण दूर केले की दुःख दूर होते असेही सांगितले. जन्म आपल्या हाती नव्हता. विडी आपल्या हाती आहे. ती खाली टाकता येते.

जाता जाता एक आनंदाची गोष्ट. टपरीवरचे आमचे बंधू येत्या रविवारी विहारात यायला कबूल झाले आहेत. विडीचे बंडल दाराबाहेर ठेवून येतो म्हणाले. आम्ही म्हटले, बाहेर ठेवलेले परत घ्यायला लागते, घरूनच आणू नका!

जयभीम! नमो बुद्धाय!